आसन, वर्ग आणि समता : बुलढाणा जिल्ह्यातून जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या प्रवासातील सुखसोयींचा सामाजिक इतिहास

१. प्रस्तावना

लांब पल्ल्याच्या विमानातील बिझनेस क्लासचे आसन हे आज सुखकर प्रवासाचे प्रमाण मानले जाते. बटण दाबताच पाठ मागे झुकते, पायांना आधार मिळतो आणि पाहता पाहता आसनाची शय्या होते. या सपाट शय्येसाठी प्रवासी साधारण वर्गाच्या कित्येक पट भाडे मोजतो. वस्तुतः दोन्ही वर्गांतील प्रवासी एकाच वेळी निघतात आणि एकाच वेळी पोहोचतात. भाड्यातील फरकाच्या बदल्यात मिळते ती विश्रांती. हा व्यवहार आता इतका सवयीचा झाला आहे की, प्रवासातील विश्रांती ही विकत घेण्याचीच वस्तू आहे, असे आपण गृहीत धरतो.

बुलढाणा जिल्ह्यात नियमित प्रवासी विमानसेवा नाही. जिल्ह्याचे मुख्यालय असलेले बुलढाणा शहर रेल्वेमार्गावरही नाही. असे असता येथील इतिहासाच्या अभ्यासकाने या विषयाकडे का वळावे, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर जिल्ह्याच्या उत्तर भागात, पूर्णेच्या खोऱ्यात आहे. मलकापूर, नांदुरा, जलंब व शेगाव या स्थानकांवरून जाणारा मुंबई-नागपूर-हावडा हा लोहमार्ग देशातील प्रमुख लांब पल्ल्याच्या मार्गांपैकी एक आहे. प्रवासात कोणी बसावे, कोणी निजावे आणि कोणी उभे राहावे, या प्रश्नाची जवळजवळ सर्व ऐतिहासिक उत्तरे या एका मार्गावर दिली गेली आहेत. त्यांपैकी एक उत्तर एका मराठी रेल्वेमंत्र्याने १९७७ मध्ये दिले आणि त्याचा लाभ आजही कोट्यवधी प्रवासी घेत आहेत.

प्रस्तुत निबंधात ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. प्रवासातील सुखसोय ही चैन आहे की किमान गरज, याचा निर्णय प्रत्येक कालखंडात कोणी व कोणत्या युक्तिवादाने केला, हे पाहणे हा निबंधाचा मुख्य हेतू आहे. विमानप्रवासाचा विचार तुलनेपुरता केला आहे.

२. लोहमार्गाचे आगमन आणि वर्गांची उतरंड

१८५३ हे वर्ष वऱ्हाडच्या इतिहासात दुहेरी महत्त्वाचे आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली आणि पुढच्याच महिन्यात झालेल्या तहान्वये निजामाने वऱ्हाडचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यवस्थापनाखाली दिला. कापसाचा प्रदेश आणि कापूस बंदरापर्यंत नेणारे साधन या दोन्ही गोष्टी अशा रीतीने एकाच वर्षी एकमेकींच्या जवळ आल्या. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८६० च्या दशकात भुसावळवरून वऱ्हाडात शिरला आणि १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) मँचेस्टरच्या गिरण्यांना भारतीय कापसाची निकड भासू लागली होती. त्या काळात खामगावची कापूस बाजारपेठ विशेष भरभराटीस आली. जलंब ते खामगाव या सुमारे तेरा किलोमीटरच्या शाखामार्गाचे उद्घाटन १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते झाले. आठ मैलांच्या एका शाखेसाठी साम्राज्याचा सर्वोच्च अधिकारी खामगावी यावा, यावरून या मार्गाचा प्रधान प्रवासी कोण होता हे स्पष्ट होते. तो प्रवासी म्हणजे कापसाचा गठ्ठा. माणसांच्या सोयीचा विचार त्यानंतरचा होता, आणि तोही सर्व माणसांच्या बाबतीत सारखा नव्हता.

भारतीय रेल्वेने प्रवाशांची वर्गवारी प्रारंभापासूनच स्वीकारली. पहिला, दुसरा व तिसरा हे मुख्य वर्ग होते. काही रेल्वेंवर दुसऱ्या व तिसऱ्याच्या दरम्यान मधला वर्ग, म्हणजे ‘इंटर’, निर्माण झाला. तर काही ठिकाणी एकोणिसाव्या शतकात तिसऱ्याच्याही खाली बाके नसलेला चौथा वर्ग काही काळ चालविण्यात आला. त्यातील प्रवाशांनी डब्याच्या तळावर बसून प्रवास करावा, अशी अपेक्षा होती. उलटपक्षी, लांब पल्ल्याच्या गाड्यांतील पहिल्या वर्गात गाद्यांची आसने होती आणि रात्री त्यांवर निजता येत असे. उन्हाळ्यात खिडक्यांना वाळ्याचे ओले पडदे लावून हवा थंड करण्याचे प्रयोगही पहिल्या वर्गासाठी झाले. वऱ्हाडचा वैशाख ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना या एका सोयीचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. आजच्या विमानातील वर्गांप्रमाणेच रेल्वेच्या सर्व वर्गांतील प्रवाशांचा वेग, अंतर आणि अवधी समान होता. भेद होता तो शरीराच्या वाट्याला येणाऱ्या अनुभवात. म्हणूनच आसनाचा इतिहास हा वर्गभेदाच्या इतिहासाचे एक विश्वसनीय साधन ठरतो.

३. तिसरा वर्ग : बाक, गर्दी आणि युक्तिवाद

रेल्वेच्या प्रवाशांत तिसऱ्या वर्गाचे प्रवासी बहुसंख्य होते आणि प्रवासी वाहतुकीच्या उत्पन्नाचा मोठा भागही त्यांच्याच भाड्यातून येत असे. तरीही त्यांच्या सोयींवर खर्च करण्यास रेल्वे कंपन्या नाखूश असत. त्याच्या समर्थनार्थ दोन युक्तिवाद केले जात. पहिला आर्थिक होता : भाडे कमी, म्हणून सोय कमी. दुसरा सांस्कृतिक स्वरूपाचा होता : येथील सामान्य मनुष्य जमिनीवर बसणारा, कष्ट सोसणारा, त्याला गादीची सवय नाही आणि अपेक्षाही नाही.

पहिल्या युक्तिवादाचा नेमका प्रतिवाद महात्मा गांधींनी केला. भारतात परतल्यावर त्यांनी तिसऱ्या वर्गाने सातत्याने प्रवास केला आणि सप्टेंबर १९१७ मध्ये रांची येथून त्या अनुभवांवर आधारित सविस्तर पत्र लिहिले. मुंबई ते मद्रास या प्रवासात बावीस प्रवाशांसाठी असलेल्या डब्यात प्रत्यक्षात किती माणसे कोंबली गेली, स्वच्छतेची काय अवस्था होती, याचे त्यांनी केलेले वर्णन प्रसिद्ध आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्यातील हिशेब अधिक महत्त्वाचा आहे. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटीहून अधिक होते, हे गांधींनी मान्य केले. मग तिसऱ्या वर्गाला पहिल्याच्या एक-पंचमांश, निदान एक-दशांश तरी सोय मिळते काय, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांचा आक्षेप भाड्यातील तफावतीवर नव्हता. भाड्याच्या प्रमाणातही सोय मिळत नाही, म्हणजेच गरिबाच्या पैशातून श्रीमंताची गादी भरली जाते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. १९२०-२१ मधील ॲक्वर्थ समितीच्या चौकशीतही तिसऱ्या वर्गातील गर्दीचा प्रश्न पुढे आला.

दुसऱ्या युक्तिवादाचा विचार करताना शेगावचे उदाहरण उद्बोधक ठरते. संत गजानन महाराजांनी १९१० मध्ये समाधी घेतली आणि त्यानंतर शेगाव हे विदर्भातील प्रमुख तीर्थक्षेत्र म्हणून विकसित झाले. मुंबई-नागपूर मार्गावरील हे स्थानक भाविकांच्या ये-जा करण्याचे मुख्य द्वार बनले. त्याच शेगावहून दरवर्षी आषाढी वारीसाठी श्रींची पालखी शेकडो मैल पायी पंढरपूरला जाते. पायी चालणारा वारकरी ऊन, पाऊस आणि थकवा आनंदाने स्वीकारतो, कारण ते व्रत त्याने स्वतः पत्करलेले असते. हाच वारकरी तिकीट काढून गाडीत बसतो, तेव्हा त्याच्या सोशिकतेकडे बोट दाखवून त्याला लाकडी बाकावर दाटीवाटीने बसविणे हे त्याच्या संस्कृतीचा आदर करणे ठरत नाही. स्वेच्छेने पत्करलेले कष्ट आणि लादलेले कष्ट यांतील फरक या युक्तिवादाने सोयीस्करपणे पुसून टाकला होता.

४. स्वातंत्र्योत्तर नामांतरे

स्वातंत्र्यानंतर या उतरंडीत दोन महत्त्वाचे बदल झाले. १९५५ मध्ये जुना पहिला वर्ग रद्द करण्यात आला. त्यापूर्वीचा दुसरा वर्ग पहिला झाला, इंटरला दुसरा वर्ग म्हणण्यात येऊ लागले आणि तिसरा मात्र तिसराच राहिला. पुढे १९७४ मध्ये तिसरा वर्ग हे नावही इतिहासजमा झाले आणि त्यातील प्रवासी दुसऱ्या वर्गाचे प्रवासी ठरले.

नामांतरांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. ‘थर्ड क्लास’ हे शब्द मराठीत निकृष्टतेचे विशेषण म्हणून रूढ झाले, यातच त्या नावामागील अवहेलना दिसून येते. तथापि नाव बदलल्याने बाक मऊ झाले नाही. याच काळात पेरांबूर येथील इंटिग्रल कोच फॅक्टरीत (स्थापना १९५५) पोलादी डबे तयार होऊ लागले, तिसऱ्या वर्गासाठी त्रिस्तरीय शयनयानांची सोय झाली आणि सामान्य प्रवाशाला रात्री पाठ टेकण्यास जागा मिळू लागली. ही प्रगती लक्षणीय होती. परंतु ती जागा म्हणजे लाकडी फळी होती. मुंबईहून निघालेला दुसऱ्या वर्गाचा प्रवासी जवळजवळ दोन हजार किलोमीटर अंतर कापून हावड्यास पोहोचेपर्यंत एक पूर्ण रात्र आणि कधी त्याहून अधिक काळ त्या फळीवर काढीत असे. ज्याच्याजवळ वळकटी असेल त्याने ती पसरावी, नसेल त्याने हाडे मोजावीत, अशी ही व्यवस्था होती. मुंबईत वा बंगालमध्ये कामासाठी जाणाऱ्या विदर्भातील श्रमिकाच्या वाट्याला नावाने दुसरा आणि अनुभवाने तिसरा असा वर्ग आला होता.

५. दोन इंचांचा निर्णय : मधु दंडवते आणि १९७७

मार्च १९७७ मध्ये केंद्रात जनता पक्षाचे सरकार सत्तेवर आले आणि रेल्वेमंत्रिपदाची धुरा प्रा. मधु दंडवते यांच्याकडे आली. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे १९२४ मध्ये जन्मलेले दंडवते हे मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. समाजवादी चळवळीत घडलेले हे व्यक्तिमत्त्व गोवा मुक्तिसंग्रामात सहभागी झाले होते आणि आणीबाणीत त्यांनी कारावासही सोसला होता. १९७१ पासून ते कोकणातील राजापूर मतदारसंघाचे लोकसभेतील प्रतिनिधी होते. १९७४ च्या रेल्वे संपात कामावरून दूर केलेल्या कर्मचाऱ्यांना पुन्हा सेवेत घेणे, आरक्षणाच्या संगणकीकरणाच्या दिशेने पावले टाकणे इत्यादी त्यांच्या निर्णयांची चर्चा यापूर्वी झाली आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांचे दोन निर्णय महत्त्वाचे आहेत.

पहिला निर्णय म्हणजे वर्गविहीन गाडी. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. रवींद्रनाथांच्या काव्यसंग्रहाचे नाव धारण करणाऱ्या या गाडीत पहिला वर्ग नव्हता. तिचा मार्ग भुसावळ, अकोला, नागपूर असा, म्हणजे बुलढाणा जिल्ह्याच्या भूमीवरून जाणारा होता. ज्या मार्गावर व्हाइसरॉयने कापसाच्या शाखेचे उद्घाटन केले होते, त्याच मार्गावरून शंभराहून अधिक वर्षांनी सर्व प्रवाशांना एकाच वर्गाचे मानणारी लांब पल्ल्याची वेगवान गाडी धावू लागली.

दुसरा निर्णय वरकरणी किरकोळ भासणारा होता. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी फळ्यांवर दोन इंच जाडीचा फोम बसविण्याचे ठरले. प्रारंभ प्रमुख मार्गांवरील गाड्यांपासून झाला आणि पुढील काळात ही सुधारणा सर्वत्र पोहोचली. पहिल्या वर्गाला खाली खेचण्यापेक्षा दुसऱ्या वर्गाला वर उचलणे हा आपला हेतू आहे, अशी भूमिका दंडवते यांनी मांडल्याचे नोंदले गेले आहे. फोमचे दोन इंच हे त्या भूमिकेचे मूर्त रूप होते.

या दोन निर्णयांचे पुढे काय झाले, याची तुलना या निबंधाच्या दृष्टीने निर्णायक आहे. गीतांजलीची वर्गविहीनता टिकली नाही. कालांतराने तिला वातानुकूलित वर्गांचे डबे जोडले गेले आणि ती इतर गाड्यांसारखीच वर्गयुक्त गाडी बनली. फोमचे दोन इंच मात्र टिकले. त्यानंतर अनेक सरकारे व रेल्वेमंत्री आले आणि गेले, परंतु शयनयानातील गादी काढून पुन्हा लाकडी फळी बसविण्याचा विचार कोणी केला नाही. वर्गभेद नष्ट करण्याचा प्रयोग उलटविता आला. किमान सोयीची पातळी उंचावण्याचा प्रयोग उलटविता आला नाही. एकदा सामान्य माणसाच्या पाठीला मऊपणा मिळाला की तो हक्क बनतो आणि हक्क परत घेणे सत्तेला कठीण जाते, असा निष्कर्ष यातून काढता येतो.

६. त्याच काळातील आकाश

भारतीय रेल्वेत किमान पातळी उंचावली जात असताना जगाच्या हवाई वाहतुकीत उलट दिशेची प्रक्रिया सुरू झाली होती. एअर इंडिया इंटरनॅशनलने ८ जून १९४८ रोजी कैरो व जिनिव्हामार्गे मुंबई-लंडन सेवा सुरू केली, तेव्हा ‘मलबार प्रिन्सेस’ या विमानात ३५ प्रवासी होते. त्या काळी आंतरराष्ट्रीय विमानप्रवास हाच मुळात मूठभरांचा होता. एअर इंडियाचे बोधचिन्ह म्हणून महाराजाची निवड व्हावी आणि १९७१ मध्ये दाखल झालेल्या बोइंग ७४७ जातीच्या विमानांची ओळख आकाशातील महाल अशी करून दिली जावी, हे त्या मानसिकतेशी सुसंगतच होते.

बोइंग ७४७ सारख्या प्रचंड विमानांमुळे आसनांची संख्या वाढली आणि ती भरण्यासाठी सवलतीच्या दरातील तिकिटे विकली जाऊ लागली. त्यातून एक नवी तक्रार उद्भवली. पूर्ण भाडे देणारा, बहुधा व्यवसायासाठी प्रवास करणारा मनुष्य सवलतीच्या प्रवाशाशेजारी त्याच प्रकारच्या आसनावर बसत होता. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात विविध कंपन्यांनी अशा प्रवाशांना स्वतंत्र भागात बसविण्यास आरंभ केला आणि ऑस्ट्रेलियाच्या क्वान्टासने १९७९ मध्ये बिझनेस क्लास या नावाने वेगळा वर्ग सुरू केला. म्हणजे या वर्गाने प्रथम विकले ते अंतर. रुंद आसन, पायांचा आधार आणि अखेरीस सपाट शय्या या गोष्टी नंतरच्या स्पर्धेतून आल्या. ब्रिटिश एअरवेजने बिझनेस क्लासमध्ये पूर्ण सपाट होणारे आसन आणले ते २००० मध्ये. रेल्वेचा इंटर क्लास आणि विमानाचा बिझनेस क्लास यांच्या उत्पत्तीतील हे साम्य विचारप्रवर्तक आहे. दोन्ही ठिकाणी दोन वर्गांच्या मध्ये तिसरा वर्ग घालून वेगळेपणाची नवी पायरी निर्माण करण्यात आली.

योगायोग असा की, १९७७ मध्येच सायमिंग्टन व स्टॅक या वैद्यकांनी दीर्घ विमानप्रवासानंतर उद्भवणाऱ्या रक्ताच्या गुठळ्यांच्या विकाराला ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ हे नाव दिले. हा धोका केवळ साधारण वर्गापुरता मर्यादित नाही. दीर्घकाळ हालचालीविना बसून राहणाऱ्या कोणालाही तो संभवतो, हे पुढील काळात स्पष्ट झाले. तरीही त्या नावाने एक सत्य अधोरेखित केले. शरीर हलविण्यास, पाय पसरण्यास आणि पाठ टेकण्यास मिळणारी जागा ही चैनीची बाब नसून आरोग्याची बाब आहे. या कसोटीवर पाहता दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील प्रवाशाला साध्या फोमच्या शायिकेवर जी सपाट झोप मिळत होती, ती आंतरखंडीय विमानातील साधारण वर्गाच्या प्रवाशाला आजही सहसा मिळत नाही. अर्थात विमानाचे आकारमान, वजन व इंधनखर्च यांच्या मर्यादा रेल्वेला लागू नाहीत, याचे भान ठेवूनच ही तुलना केली पाहिजे.

७. उतरंडीचे पुनरागमन

रेल्वेतील किमान पातळी उंचावली, तरी उतरंड संपली नाही. १९९० च्या दशकात वातानुकूलित त्रिस्तरीय वर्ग सुरू झाला आणि मध्यमवर्गीय प्रवासी हळूहळू त्याकडे वळला. त्याचा एक सामाजिक परिणाम असा झाला की, बोलका आणि तक्रार नोंदविणारा वर्ग साध्या शयनयानातून बाहेर पडला. सार्वजनिक शाळा व सार्वजनिक रुग्णालये यांच्या बाबतीत जे घडले, त्याचीच ही रेल्वेतील आवृत्ती होय. सुविधेचा दर्जा राखण्यासाठी आग्रह धरणारे प्रवासीच त्या सुविधेपासून दूर गेले.

२००७ च्या सुमारास शयनयानातील बाजूच्या दोन शायिकांमध्ये तिसरी शायिका बसविण्याचा प्रयोग झाला. आसनसंख्या वाढली, परंतु प्रवाशांना धड बसताही येईना आणि निजताही येईना. तक्रारींनंतर हा बदल मागे घ्यावा लागला. फोम तसाच ठेवूनही, केवळ उंची कमी करून, सोय हिरावून घेता येते, हे या प्रसंगाने दाखविले. त्याचबरोबर एकदा स्थिरावलेल्या किमान पातळीला धक्का लागला की सामान्य प्रवासीही त्याची दखल घेतो, हेही त्यातून दिसून आले.

दंडवते यांच्या सुधारणेची मर्यादाही येथे नमूद केली पाहिजे. फोमचा लाभ प्रथम मिळाला तो शायिका आरक्षित करणाऱ्या प्रवाशाला. अनारक्षित डब्यातील लाकडी पट्ट्यांची बाके त्यानंतरही दीर्घकाळ कायम राहिली. २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात अनारक्षित प्रवाशांसाठी गादीची आसने असलेल्या दीनदयाळू डब्यांची घोषणा झाली, म्हणजे शयनयानातील निर्णयानंतर जवळजवळ चार दशकांनी. सुट्यांच्या वा सणांच्या दिवसांत अनारक्षित डब्यात चढणाऱ्या मजुराचा आजचा प्रश्न मात्र आसन मऊ की कठीण हा नसून आसन मिळेल की नाही हा आहे. बावीस जणांच्या डब्यासंबंधी गांधींनी मांडलेला हिशेब तेथे अद्याप पूर्ण झालेला नाही.

८. घाटावरचा प्रवास : निमआराम ते आराम

बुलढाणा जिल्ह्याचे घाटाखालचा आणि घाटावरचा असे दोन भाग लोकव्यवहारात मानले जातात. आतापर्यंतचे विवेचन घाटाखालच्या, म्हणजे लोहमार्गावरील भागाचे होते. घाटावरच्या बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा व सिंदखेड राजा या तालुक्यांना रेल्वे नाही. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी तेथे अनेक पिढ्यांपासून केली जात आहे. या भागातील लांब पल्ल्याचा प्रवास म्हणजे रस्त्यावरचा प्रवास, आणि त्याची उतरंडही स्वतंत्र आहे. राज्य परिवहनाची साधी लाल गाडी, तिच्यावर ‘निमआराम’ गाडी आणि त्याही वर खासगी ‘आराम’ बस. १९८२ च्या दिल्ली येथील आशियाई क्रीडास्पर्धांवरून ‘एशियाड’ हे नाव मिळालेल्या गाड्या मराठी प्रवाशांच्या चांगल्याच परिचयाच्या आहेत. आराम हा शब्दच येथे वर्गवाचक बनला, ही भाषेच्या दृष्टीनेही लक्षणीय बाब होय. निम्मा आराम आणि पूर्ण आराम अशी भाड्यानुसार वाटणी आपण सहजपणे स्वीकारली.

१ जुलै २०२३ च्या पहाटेपूर्वी नागपूरहून पुण्याकडे जाणारी एक खासगी आराम बस समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजा तालुक्यातील पिंपळखुटा गावाजवळ उलटली आणि तिने पेट घेतला. बहुतेक प्रवासी झोपेत होते. पंचवीस प्रवाशांचा मृत्यू झाला. या घटनेची कारणमीमांसा करणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय नाही. परंतु प्रवासातील सुखसोयीचा इतिहास लिहिताना ती वगळताही येत नाही. निजलेला प्रवासी हा सर्वाधिक परावलंबी प्रवासी असतो. तो आपले प्राण वाहनावर, चालकावर आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर सोपवून झोपी जातो. म्हणून ज्या व्यवस्थेत शय्येची किंमत आकारली जाते, तेथे सुटकेची वाट ही त्या शय्येचाच अविभाज्य भाग मानली गेली पाहिजे. सुरक्षिततेवाचून आराम हा शब्द अपुरा आहे, हे जिल्ह्याने फार मोठी किंमत मोजून अनुभवले आहे.

ज्यांना रेल्वेची शायिका उपलब्ध नाही, त्यांनी रात्रीच्या लांब प्रवासासाठी दुसरे कोणते साधन निवडावे, हा प्रश्नही येथे उरतोच. घाटाखालच्या प्रवाशाला सार्वजनिक व्यवस्थेने दिलेली किमान पातळी घाटावरच्या प्रवाशाला बाजारातून विकत घ्यावी लागते. जिल्ह्याच्या दोन भागांतील ही तफावत केवळ भौगोलिक नाही.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

एक, लांब पल्ल्याच्या प्रवासातील सुखसोयीचे वाटप अंतर वा शारीरिक गरज यांनुसार झालेले नाही. ते प्रवाशाच्या सामाजिक स्थानानुसार झाले आणि त्याचे समर्थन कधी भाड्याच्या, तर कधी सवयीच्या युक्तिवादाने केले गेले.

दोन, वर्गाचे नाव बदलणे आणि वर्गाचा अनुभव बदलणे या भिन्न गोष्टी आहेत. १९५५ व १९७४ च्या नामांतरांनी प्रतिष्ठेचा प्रश्न काही अंशी सोडविला, परंतु पाठीखालची फळी बदलली ती १९७७ नंतर.

तीन, वरचा वर्ग काढून टाकण्यापेक्षा खालच्या वर्गाची किमान पातळी उंचावणे ही सुधारणा अधिक टिकाऊ ठरली. गीतांजलीची वर्गविहीनता गेली आणि फोमची गादी राहिली. तथापि किमान पातळी एकदा ठरवून भागत नाही. गर्दी, जादा शायिका आणि दुर्लक्ष यांमुळे ती नकळत खाली सरकते.

चार, आराम आणि सुरक्षितता यांचा विचार एकत्रच करणे आवश्यक आहे.

बिझनेस क्लासच्या सपाट आसनाविषयी मत्सर बाळगण्याचे कारण नाही; ज्याला परवडते त्याने ते घ्यावे. इतिहासाचा प्रश्न निराळा आहे. सर्वांत कमी भाडे देणाऱ्या प्रवाशाला त्याच गाडीत, त्याच रात्री काय मिळते, यावरून त्या समाजाच्या प्रवासव्यवस्थेचे मूल्यमापन झाले पाहिजे. पदार्थविज्ञानाच्या एका मराठी प्राध्यापकाने या प्रश्नाचे उत्तर मोजता येईल अशा एककात दिले होते : दोन इंच. मलकापूर-शेगाव मार्गावरून रोज रात्री जाणाऱ्या गाड्यांतील शयनयानात असंख्य प्रवासी त्या उत्तरावर निजतात. अनारक्षित डब्यात उभा असलेला प्रवासी आणि घाटावरच्या रस्त्यावर आरामाच्या भरवशावर झोपी गेलेला प्रवासी यांना तेवढेच मोजता येण्याजोगे उत्तर देणे अद्याप बाकी आहे.